फुकटचं धुणं

१४ सप्टेंबर

आज जेवताना शालनने जाहीर केलं की ती धंदा काढणार आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. मी आमटी भुरकत होतो, तीच पुढे भुरकत राहिलो. आमच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी कोणाला ना कोणाला असा झटका येतोच. सिद्धेशला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, एकदा अळंबीची शेती करायचा आला होता. त्याच्या पिशव्या अजून पोटमाळ्यावर आहेत.

पण या वेळी सूनबाई सामील आहेत. दर्शना ठाण्याला एका हॉटेलात होती. चादरी, टॉवेल, पडदे, सगळं तिच्या हाताखाली. हॉटेल विकलं गेलं आणि नव्या मालकाने जुनी माणसं काढली. सुटताना जे काही हातात पडलं ते ती यात घालणार. यात म्हणजे लाँड्रीत. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक गाळा रिकामा आहे, तो दोघींनी मला न विचारता बघूनही ठेवलाय.

म्हणजे मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून जन्म घालवला, तो बायकोने लोकांची धुणी धुवावीत म्हणून. तसं म्हणालोही. शालन म्हणाली, "धुणी मशीन धुणार. आपण फक्त बघायचं."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दोघींना परोपकारही करायचाय. पार्लर, दवाखाने, गेस्ट हाउस यांच्याकडून पैसे घ्यायचे, आणि ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, धुवायला कोणी नाही, त्यांच्या चादरी फुकट धुवायच्या. घरी जाऊन आणायच्या, धुवायच्या, नेऊन द्यायच्या.

मी विचारलं, "याची गरज कोणाला आहे? आमची आई अडीच-तीन वर्षं अंथरुणात होती. खोलीत कधी वास म्हणून आला नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसायचो, मला माहीत आहे. मूळची टापटीप बाई. माणूस स्वच्छ असला की आजारपणातही स्वच्छच राहतो."

पातेल्यातला भात संपला होता, तरी शालन कालथ्याने तळ खरवडत बसली.

२ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन झालं. 'निर्मळ लाँड्री'. गिऱ्हाईक मिळायच्या आधी नाव मिळालं, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच.

नारळ फोडायला पोपट. पोपट हा शालनचा धाकटा भाऊ. ठाण्यात जागांची दलाली करतो आणि उरलेल्या वेळात समाजसेवा. येताना स्वतःच बॅनर करून घेऊन आला. त्यावर त्याचा हात जोडलेला फोटो आमच्या मशीनपेक्षा मोठा. खाली बारीक अक्षरात 'संकल्पना : सौ. शालनताई'. समोर आम्ही घरचे, शेजारचा चहावाला आणि गाळ्याचा मालक. एवढ्या जनसमुदायापुढे पोपटने भाषण केलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भावोजी, आपण एक ब्रँड उभा करतोय."

मी म्हणालो, "आधी पाण्याची टाकी उभी करा. ती कलली आहे."

खरंच कलली होती.

११ ऑक्टोबर

पैसे देणारी गिऱ्हाइकं येताहेत, हे कबूल करायला हवं. नाक्यावरचं पार्लर, एक दातांचा डॉक्टर, दोन गेस्ट हाउस. दर्शना टॉवेलच्या घड्या अशा घालते की जणू आत राजघराण्यातली मंडळी तोंड पुसणार आहेत.

फुकटात मात्र एकही माणूस आलेलं नाही. फुकट देऊनही खपत नाही असा माल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. शालन स्वतः चाळींतून विचारत फिरते. लोक दार अर्धंच उघडून सांगतात, "आमच्यात कोणी आजारी नाही," आणि आत कोणीतरी खोकत असतं. आज दुपारी परत आली ती पाय चोळत बसली. मी म्हणालो, "बघ, लोकांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

"अक्कल नाही हो," ती म्हणाली. "लाज."

लाज वाटण्यासारखं आहे म्हणूनच वाटते. यात बायकोने मला नवीन काय सांगितलं?

१७ ऑक्टोबर

फुकटातलं पहिलं गिऱ्हाईक. कोपर गावाकडच्या चाळीत धोंडीबा नावाचे म्हातारे राहतात. बायको गोदूबाई, लकवा होऊन पडलेली. मूलबाळ नाही. शालन तीन-चारदा गेली म्हणे, आणि नुसती उंबऱ्यात बसून आली. काल त्या बाईने आत बोलावलं.

ते बोचकं गाळ्यात आलं, तेव्हा मी सहज तिकडे गेलो होतो. सूनबाईंनी दुसरं मशीन खास या चादरींसाठी वेगळं ठेवलंय, तेवढी बुद्धी दाखवली. पण चादरी थेट कढत पाण्यात घालायला निघाली! असले डाग गरम पाण्यात कायमचे बसतात, हे आमच्या कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. आधी गार पाण्यातून काढायच्या, मग सोडा, मग गरम. हॉटेलात काय शिकवतात कोण जाणे. करून दाखवल्याशिवाय कळणार नाही म्हणून बाह्या वर करून दाखवलं. उद्याही जावं लागणार, नाहीतर घोळ घालतील.

२९ ऑक्टोबर

पोपटने दिवे लावले.

दिवाळीत फराळाला आला होता, तेव्हा फोनवर गाळ्याचा व्हिडिओ काढून गेला. तो त्याने सगळीकडे पाठवला. मागे सनई, आणि पोपटचा आवाज : "जिथे आपलेही नाक मुरडतात, तिथे आम्ही पोहोचतो!" चादरींचं बोचकं जवळून, दोनदा.

आज सकाळी पार्लरवाली आली. "काकू, तुम्ही पेशंटच्या चादरी आणि माझे टॉवेल एकत्र धुता?" दर्शनाने दोन्ही मशीन दाखवली, पाण्याचे पाइपसुद्धा वेगळे दाखवले. ती बाई पाइपकडे बघायलाही तयार नाही. "मला पटतंय गं, पण माझ्या क्लायंटला कसं सांगू?" दुपारी डॉक्टरचा निरोप आला. संध्याकाळी गेस्ट हाउसचा.

दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाला चादरींची किळस यावी! आणि त्या पार्लरवालीच्या टॉवेलांवर काय काय असतं ते मी पाहिलंय. त्यामानाने आमची गोदूबाई कितीतरी बरी.

३ नोव्हेंबर

पोपट तोडगा घेऊन आला. तोडगा असा : चादरी बंद. दानधर्म करायचाच तर स्वच्छ काहीतरी करा. शाळेत वह्या वाटा. वह्यांना वास नसतो, फोटो छान येतात, गिऱ्हाइकं परत येतील.

आयुष्यात पहिल्यांदा मला पोपटचं म्हणणं पटलं. चूळ भरून यावीशी वाटली, पण पटलं.

दर्शना म्हणाली, "आई, चादरी बंद करणं मला पण नाही आवडत. पण भाडं कुठून काढायचं? माझ्याकडे होतं ते सगळं यात टाकलंय ना."

शालन म्हणाली, "वह्या कोणीही वाटेल गं."

"मग चादरी कोणी का धुवत नाही?" पोपट म्हणाला. "विचार कर, ताई. का धुवत नाही?"

"तेच म्हणतेय मी."

वाद घालायची ही काय पद्धत झाली? शेवटी ठरलं काहीच नाही. पोपट चकल्या बांधून घेऊन गेला.

८ नोव्हेंबर

शालनची कंबर धरली. ओल्या चादरी उचलायला गेली आणि तशीच वाकून राहिली. डॉक्टरने विश्रांती सांगितली. दर्शना गाळ्यात एकटी, म्हणून गोदूबाईंकडे जायची पाळी माझ्यावर आली. एकदाच, असं बजावून गेलो.

एवढीशी खोली. दारातच तो वास अंगावर आला. मी रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला, कारण म्हातारा बघत होता. कॉटवर गोदूबाई. मला बघितल्याबरोबर तिने तोंड भिंतीकडे केलं. बाकी अंग हलत नाही, मान तेवढी वळते, ती वळवली. धोंडीबा कसनुसा हसला. म्हणाला, "तिला लाज वाटती, साहेब. सख्ख्या बहिणीला बी आत घेत न्हाई. शालनताईंचं तेवढं चालतं."

मी विचारलं, "आमच्या हिनं काय जादू केली?"

"जादू कसली? ताईंनी सांगितलं का त्यांनी बी सासूचं असंच केलं. उजाडायच्या आत उठून चादरी धुवायच्या, गच्चीवर टाकायच्या, खोली पुसून काढायची. म्हनत्या, मालक उठायच्या आत घरात वास राहाया नको. सासूला लेकासमोर लाज वाटायची ना. हे ऐकलं आन् आमची ही रडली. मग म्हनाली, या आत."

शालनला गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. समोरच्याला धीर द्यायला माणूस काहीही बोलतो. मी रोज आईपाशी बसत होतो. आई माझ्याशी छान हसूनखेळून बोलायची, भाताला पाणी किती घालावं यावर वाद घालायची. लाज कसली?

बोचकं घेऊन आलो. वाटेत दोन ओळखीचे भेटले. कशाचं बोचकं म्हणून विचारलं. मी म्हणालो, कपडे.

९ नोव्हेंबर

शालनला विचारलं, "आईच्या वेळी चादरी कोण धूत होतं?"

ती पडल्या पडल्या म्हणाली, "मशीन."

"मशीन कधी घेतलं आपण?"

"सासूबाई गेल्या त्या वर्षी, दिवाळीत."

आईचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून आम्ही त्या दिवाळीत फराळ केला नव्हता. मशीन मात्र आलं होतं, ते आठवतं. दारातून आत जाईना म्हणून दाराची चौकट तासली होती.

आज गाळ्यात विशेष काही नाही. चहावाल्याने चहात पाणी वाढवलंय.

१५ नोव्हेंबर

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण सूनबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

पोपटने ठाण्याचा एक बिल्डर गाठला होता. तो आम्हाला मोठं मशीन देणार, वाळवायच्या यंत्रासकट. त्यावर हॉटेलांची कामं मिळाली असती, गाळा तरला असता. अट एकच : साहेब एका पेशंटच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने चादर देणार आणि त्याचं चित्रण होणार. पेशंट म्हणजे गोदूबाई. शालनला सांगितलंच नव्हतं. धोंडीबाला विचारलं, तर त्याने हो म्हटलं. त्या माणसाला नाही म्हणता येतच नाही. दर्शना म्हणाली, "बाबा, गोदूबाईंचं तोंड दाखवणार नाहीत. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. प्लीज तुम्ही मध्ये काही बोलू नका."

मला सोबत नेलं, कारण घरात एक वयस्क पुरुष फोटोत बरा दिसतो, असं पोपटचं मत.

साहेब शीळफाट्याला अडकले होते. तोवर आम्ही चाळीत उभे. पोपट मला सांगत होता, साहेबांना या विषयाची किती कळकळ आहे, त्यांच्या स्वतःच्या मातोश्री वर्षभर अंथरुणात आहेत. धोंडीबाने इस्त्रीचा सदरा घातला होता. कॅमेरावाला आत डोकावून म्हणाला, उजेड कमी आहे, कॉट दाराकडे ओढायला लागेल. आणि म्हातारीची चादर फारच स्वच्छ दिसते, जुनी एखादी आहे का?

ती चादर मी काल धुतली होती. धुतलेली चादर काढून मळकी घाला म्हणे, म्हणजे धुतल्याचं दिसेल.

साहेब आले. अंगाला अत्तर. दाराशी आले तसा मी दारात उभा राहिलो.

"आत कोणी जायचं नाही," मी म्हणालो.

पोपट हसला. "भावोजी मस्करी करतात."

"काका, आम्ही मदतच करतोय," साहेब म्हणाले. आवाज सभ्य होता, ते मान्य.

"तुमच्या मातोश्री झोपून असतात ना?"

"हो."

"मग कॅमेरा तिथे लावा. त्यांची कॉट दाराकडे ओढा, चादर मळकी घाला. धुवायला माझ्याकडे पाठवा. पैसे घेणार नाही."

एवढंच. शिवी दिली नाही, आवाज चढवला असेन थोडा. साहेबांचा चेहरा उतरला. पोपटकडे बघितलंही नाही, वळले आणि चालू पडले. पोपट मागे पळाला. कॅमेरावाल्याने मला विचारलं, माझ्या दिवसाचं काय? मी म्हणालो, तुझा दिवस वाया गेला, त्याची सवय कर.

मी हे गोदूबाईसाठी वगैरे केलं, असं कोणी समजू नये. मला पोपटचा तो हात जोडलेला चेहरा सहन होत नाही, एवढंच.

घरी आल्यावर दर्शना रडत म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातं, बाबा? पैसे माझे बुडणार."

शालनने फक्त विचारलं, "गोदूबाई काय म्हणाल्या?"

"मला काही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला विचारलं, कोण ओरडतंय. तो म्हणाला, शालनताईंचे मालक. तर म्हणाल्या, आवाज मोठा हाय."

शालनला हसू आलं. कंबर दुखत असल्यामुळे ती हसताना कण्हत होती. काय वाईट आवाज.

२१ नोव्हेंबर

कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न, शहाडच्या एका लॉनवर. जायचं नव्हतं, पण घरात सूनबाईंचा अबोला, त्यापेक्षा बँडबाजा परवडला.

जेवायला बसलो तर खुर्चीच्या कव्हरला हात लावावेना. मठ्ठा, रस्सा, हळद, लहान पोरांचे हात. मराठी माणूस लग्नात नॅपकिन खिशात ठेवतो आणि हात खुर्चीला पुसतो. मांडववाल्याला गाठून विचारलं, हे कुठे धुता? तो म्हणाला, "सीझनमध्ये कोण धुतंय, काका? उलटी करून लावायची. पुढच्या लग्नाला परत सुलटी."

म्हणजे माझ्या पाठीशी दोन लग्नांचं जेवण होतं.

मी त्याला सरळ सांगितलं : आम्ही धुतो. पण आम्ही अंथरुणावरच्या माणसांच्या चादरीही धुतो, त्या वेगळ्या मशीनमध्ये. किळस येत असेल तर आत्ताच बोल, मागून निरोप पाठवू नकोस. तो म्हणाला, "काका, माझ्या कव्हरांवर लोक काय काय पुसतात ते कळलं ना, तर तुमचे पेशंट पळून जातील."

हा माणूस मला आवडला. सुशिक्षित नसावा.

२२ नोव्हेंबर

टेम्पोभर कव्हरं आली. दर्शना गाळ्याच्या दारात उभी राहून ढिगाकडे बघत होती. मग पहिलं वाक्य बोलली, इतक्या दिवसांतलं : "बाबा, हे सगळं आपलं?"

मी म्हणालो, "नाही, वऱ्हाडाचं."

२६ नोव्हेंबर

मांडववाला धावत आला. कव्हरांवरचे पिवळे डाग लालभडक झाले होते. "काका, माल खराब केलात तुम्ही!" दर्शनाही घाबरली. अरे, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. तुमच्या आयांनी हे पाहिलेलं असतं, तुम्ही कधी धुतलंत तर कळेल. धू स्वच्छ आणि टाक उन्हात. ऊन हळद खाऊन टाकतं. दुपारपर्यंत गल्लीभर दोऱ्या बांधून कव्हरं वाळत घातली. तो शेजारी बिडी ओढत बसला. चार वाजेपर्यंत पांढरी झाली. मग त्याने दुसऱ्या दोन मांडववाल्यांना फोन लावले आणि मी ऐकत असताना माझं वर्णन 'खडूस आहे, पण काम चोख' असं केलं.

पोपटचाही फोन आला. आता 'लग्नसोहळा वस्त्रसेवा' असं बॅनर करू म्हणतो. मी फोन शालनकडे दिला. तिने तो बंद केला. भावाचा फोन, मधेच.

५ डिसेंबर

फुकटातली घरं वाढली आहेत. गोदूबाईने बहिणीला सांगितलं, बहिणीने आणखी कोणाला. मार्केटिंग म्हणतात ते हेच असावं. पोपटला कळवणार नाही. भाडं निघतं, दर्शनाच्या हातात थोडं उरतं. ठाण्याच्या कुठल्याशा हॉटेलातून बोलावणं आलं होतं तिला, नाही म्हणाली. मूर्ख मुलगी. मला न विचारता माझ्या मापाचा एप्रन शिवून आणलाय. त्यावर माझं नाव घातलंय, जणू मी हरवणार आहे.

शालनची कंबर अजून नीट नाही, तरी काल अंधारातच उठून गाळ्यात गेली होती. तिला चादरी पिळता येत नाहीत, कडा आत मुडपतात आणि मग इस्त्रीला त्रास. आज जेवताना सांगून टाकलं की सकाळचं काम यापुढे मी करणार. तिला जमत नाही म्हणून.

"तुम्हाला उठवेल?" तिने विचारलं.

"तुला इतकी वर्षं उठवलं, त्यात काय मोठं?"

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

६ डिसेंबर

अंधार असतानाच उठलो. गोदूबाईंच्या आणि कोपरच्या दुसऱ्या दोन घरच्या चादरी होत्या. गार पाणी, सोडा, गरम पाणी. पहिल्या पाण्याला नाक धरावं लागतं, मग सवय होते. मशीनमध्ये घालायच्या आधी एकट्याने पिळताना मनगटं भरून येतात. खाली पाणी, वर पाठ वाकलेली, बाहेर कुत्रीसुद्धा उठलेली नाहीत. हे काम कोणी रोज, वर्षानुवर्षं, न बोलता कसं करेल मला कळत नाही. चादरी गच्चीवर नेऊन टाकल्या. आमच्या गच्चीला इतक्या पायऱ्या आहेत, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ऊन खिडकीतून पार पलंगापर्यंत आलं होतं, आणि शालन अजून झोपलेली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तोंड उघडं, हात उशाखाली, बारीक घोरत होती. दूधवाला येऊन गेला, पाणी येऊन गेलं, बाईसाहेबांना पत्ता नाही. इतकं आळशी माणूस मी पाहिलेलं नाही.

चहा मीच टाकला. कपबशी वाजू नये म्हणून नुसत्या कपात घेतला, आणि दार लोटून बाहेर येऊन प्यायलो.